चुकवलेला गुरुवार

बाबा, मागच्या आठवड्यात गुरुवारी मी भजनाला गेलो नाही. तुम्ही गेल्यापासून मी चुकवलेला हा पहिलाच गुरुवार. मी आजारी नव्हतो, नात्यात कुणी गेलं नव्हतं, आणि झेंडूची तोडणीही दुपारीच आटोपली होती. मी अमरावतीला गेलो होतो, तुमच्या नातीच्या कॉलेजच्या मैदानावर, गिटार आणि ड्रम वाजवणाऱ्या पाच माणसांचं गाणं ऐकायला. तिथे मला जे झालं त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही. आणि त्याहून मोठा धक्का मला काल आपल्या देवळाच्या ओट्यावर बसला. घरात सांगायला गेलो तर तुमची सून म्हणते, भोंग्यांनी तुमचं डोकं बधिर झालं. म्हणून तुम्हालाच लिहितो आहे.

मी दहावीत होतो तेव्हाची गोष्ट तुम्हाला आठवते का? आई जाऊन दोन वर्षं झाली होती. शाळेतून आलो की मी तुमच्याबरोबर झेंडूच्या वाफ्यात उतरायचो. दर गुरुवारी देवळात तुम्ही खंजिरी घेऊन भजन म्हणायचा, आणि तिसऱ्या-चौथ्या भजनाला तुमचा आवाज एकाएकी फाटायचा, डोळ्यांतून धार लागायची, खंजिरी डोक्याच्या वर जायची. मागचे टाळकरी आधी हळू व्हायचे आणि मग दुप्पट जोरानं उठायचे. त्याला आपल्या गावात कुणी काही नाव दिलेलं नाही. घरी जाताना माणसं एकमेकांना एवढंच सांगायची, आज बुवाले आलं. मी तुम्हाला वाफ्यात विचारलं की ते मला कधी येईल. तुम्ही टोपली खाली ठेवली आणि म्हणालात, "येते. आनता येत नाई. तू फक्त गुरुवार चुकवू नको."

मी चुकवला नाही. तुमच्यानंतर खंजिरी माझ्या हाती आली. आवाज बरा आहे, ताल पक्का आहे, बापावर गेला असं म्हातारे म्हणतात. पण ते मात्र आलं नाही. देवावर माझा रुसवा नाही. सकाळी दिवा लागतो, एकादशी होते, झोपताना नाव तोंडात असतं. तरी भजनात मी दर्यापूरच्या स्टँडवर सामान घेऊन बसलेल्या माणसासारखा बसतो, प्रत्येक गाडीची पाटी वाचत. ही आपली नाही, पुढची असेल. इतकी वर्षं झाली. आता पन्नाशी आली, आणि मला वाटायला लागलं होतं की आपल्या गावाला गाडीच नसेल.

त्या पाच माणसांना तुम्ही एकदा ऐकलं आहे. आपण जुना पिकअप घेतला तेव्हा त्याच्या टेपमध्ये आधीच्या मालकाची एक कॅसेट अडकलेली होती. ती निघायची नाही. मी पकडीनं ओढून पाहिली, अकोल्याच्या मिस्त्रीनं पेचकसानं उचकून पाहिली. टेप चालू केला की तीच वाजायची, एक बाजू संपली की दुसरी. त्यामुळे पहाटे झेंडूचे क्रेट लादून अकोल्याच्या फूलबाजारात जाताना मला रोज तीच गाणी. हिंदी गाणी, पण आपल्या ओळखीच्या हिंदी गाण्यांसारखी नाहीत. गिटार करवतीसारखी चालायची आणि गाणारा गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचा. पहिला महिना मी वैतागलो, दुसऱ्या महिन्यात शब्द पाठ झाले आणि त्यानंतर मला दुसरं काही ऐकावंसंच वाटेना. पुढे पिकअप विकला, फोन आला, तरी मी फोनवर शोधून तीच गाणी ऐकत राहिलो. पिकअप होता तेव्हा एके सकाळी तुम्ही शेजारी बसला होतात. पूर्णेच्या पुलापर्यंत तुम्ही गुमान ऐकलंत आणि मग म्हणालात, "हा कोनाले हाका मारून राहिला?" मी म्हणालो, कोनाले नाई बाबा, गाणं आहे ते. "नाई," तुम्ही म्हणालात, "कोनाले तरी मारते." आणि खिडकीला डोकं टेकवून झोपलात. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात.

नात तुम्ही पाहिली नाही. ती अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे, होस्टेलला राहते, तुमच्यासारखीच तोंडावर बोलते. दोन आठवड्यांपूर्वी तिचा फोन आला. "पप्पा, तुमचे पिकपवाले आमच्या कॉलेजात येऊन राहिले. पास काढला तुमचा. नाई म्हनू नका." मी विचारलं, कोणत्या वारी? ती म्हणाली, गुरुवारी. तुमची सून म्हणाली, पन्नाशीत माणसं तीर्थाले जातात, तुमी पोट्ट्यायच्या गोंधळात चालले, थेही भजन सोडून. मी चार दिवस नाही नाही म्हणत होतो. बुधवारी रात्री पाहिलं तर मी शेवंतीचे पाच हार ओवून बसलो होतो.

दुसऱ्या गावचं मंडळ भजनाला आलं की आपण हार घालतो, नारळ देतो. गाणाऱ्याला रिकाम्या हातानं कसं भेटायचं? मी पाच हार ओल्या फडक्यात गुंडाळले, एक नारळ घेतला आणि दुपारच्या बसनं निघालो. मैदानाच्या दारावर गार्डनं पिशवी उघडायला लावली.

"काका, नारळ आत नेता येत नाई."

"गाणाऱ्यांचा सत्कार करायचा आहे."

"अन् कोनी फेकून मारला तर?"

"गाणाऱ्याले नारळ कोन मारते, भाऊ?"

"तुमी पहिल्यांदाच आले दिसता," तो म्हणाला, आणि त्यानं माझा नारळ जप्त केलेल्या अत्तराच्या आणि पाण्याच्या बाटल्यांच्या रांगेत ठेवून दिला. हार मात्र त्यानं जाऊ दिले. आत गेल्यावर कळलं की हार घालणं दूरच, गाणाऱ्यांच्या पन्नास पावलांच्या आत कुणाला सोडत नाहीत. मध्ये लोखंडी कठडे लावलेले. पोरीच्या मैत्रिणींनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि एकेक हार आपल्याच गळ्यात घालून घेतला. मला ते बरं वाटलं नाही.

मग ते आले, आणि पहिला धक्का मला त्यांना पाहूनच बसला. बाबा, ते म्हातारे झाले होते. माझ्या मनात तो गाणारा पिकअपच्या काळातला, विशीतला होता. हा टक्कल पडलेला, पोट सुटलेला, माझ्याच वयाचा. त्यानं तोंड उघडलं आणि आवाज मात्र तोच निघाला. ड्रमचा ठोका कानावर पडतच नव्हता, तो सरळ बरगड्यांवर बसत होता. मी छातीवर हात ठेवून उभा होतो. आणि सगळ्यात मोठं नवल म्हणजे भोवतीच्या हजारो पोरापोरींना ती गाणी येत होती. शब्दन् शब्द. मला इतकी वर्षं वाटत होतं की ही गाणी दर्यापूर ते अकोला या रस्त्यावर मला एकट्यालाच ऐकू येतात.

सूर्य नुकताच बुडाला होता. कॅसेटमधलं एक संथ गाणं लागतं, दुसऱ्या बाजूचं पहिलं. अर्ध्यात गिटार थांबते, ड्रम थांबतो, आणि तो टकला माणूस माइकपासून मागे सरकतो. गात नाही. हात खाली सोडून उभा आहे. आता फक्त मैदान गातं आहे. मी पण गातो आहे, भजनात गातो तसा मोकळ्या गळ्यानं, आणि तिसऱ्या ओळीला माझा आवाज फाटतो. आधी तळपायांत ऊन उतरल्यासारखं झालं, मग ते वर चढत आलं, गळ्याशी थांबलं आणि डोळ्यांतून वाहायला लागलं. मला कशाचीच भीती उरली नाही. शेजारच्या पोराच्या तोंडाला बिअरचा वास येत होता आणि तोसुद्धा मला माझाच वाटत होता. बाबा, ते आलं. मला कुणाला विचारावं लागलं नाही. पोरगी घाबरली. माझा दंड धरून कानात ओरडली, "पप्पा, छातीत दुखून राहिलं का?" मी नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं. "चपला कुठं गेल्या तुमच्या?" मी अनवाणी उभा होतो. चपला कधी काढल्या मला आठवत नाही. त्या मागे बाजूला नीट जोडून ठेवलेल्या सापडल्या, देवळाच्या पायरीशी ठेवतो तशा. पोरांच्या बुटांखाली माझा अंगठा चेंदला, त्याचं नख अजून काळं आहे.

आनंद त्या संध्याकाळपुरताच टिकला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमध्ये मला राग यायला लागला. कोणाचा ते कळत नव्हतं. मी इतकी वर्षं आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून ज्याच्या दारात बसलो, त्यानं तिथे मला काही दिलं नाही. आणि ज्या गाण्यात त्याचं नाव एकदाही येत नाही, तिथे एका संध्याकाळी सगळं ओतलं. तेच असेल तर माझे गुरुवार कुठे गेले? आणि ते नसेल, नुसता ठोक्यांनी अंगाला बसलेला हादरा असेल, तर तुम्हाला येत होतं ते तरी काय होतं? आठवडाभर मी दिवा लावत होतो आणि देवाकडे नीट पाहत नव्हतो.

काल मी देवळात लवकर गेलो. ओट्यावर तुमचे सोबती पेटीवाले काका एकटेच पेटीचा भाता पुसत बसले होते. ऐंशी ओलांडली त्यांनी, ऐकू कमी येतं, पण सुराला अजून चुकत नाहीत. मला पाहताच म्हणाले, "कुठं गेलता रे? तुह्या जागी त्या मास्तरनं खंजिरी धरली. टिनाचा डब्बा वाजवल्यावानी." मी त्यांना सगळं सांगितलं. अमरावती, गिटार, चपला, सगळं. वाटलं होतं शिव्या देतील. त्यांनी एवढंच विचारलं की त्यांच्यात पेटी होती का. नव्हती म्हटल्यावर त्यांना थोडं वाईट वाटलं. मग भात्यावरचा हात थांबवून म्हणाले, "तुले आलं ना. बरं झालं. तुह्या बापाले मंग येत नव्हतं."

मला वाटलं, काका वयामुळे काहीतरी बोलताहेत. म्हणालो, दर गुरुवारी यायचं, मी समोर बसून पाहिलं आहे.

"तुही माय गेली तवापासून नाई आलं त्याले."

"मंग डोळ्यातलं पानी?"

"पानी खरं होतं. पन थे तुह्या मायसाठी होतं. देवाचं नाई, असं त्यानंच मले सांगतलं. म्हने, पोट्ट्याले बोलू नको, थो गुरुवार सोडन."

"अन् तुमी आता काहून सांगून राहिले?"

"आता तुले आलं ना," काका म्हणाले. "आता तू सोडत नाई." आणि ते पुन्हा भाता पुसायला लागले.

मी काल खंजिरी वाजवली. कशी वाजवली ते मला माहीत नाही. मनात एकच हिशेब चालला होता. मी तुम्हाला वाफ्यात विचारलं तेव्हा आई जाऊन दोन वर्षं झाली होती. म्हणजे तुमचं ते यायचं थांबूनही दोन वर्षं. तुम्ही टोपली खाली ठेवता, मी तुमच्या चेहऱ्याकडे पाहतो, तुम्ही मात्र हातातल्या फुलाकडे पाहता आणि म्हणता, येते. त्यानंतर किती गुरुवार आपण शेजारी शेजारी बसलो. तुम्ही गेलेल्याची वाट पाहत होतात आणि मी न आलेल्याची, आणि दोघांनी एकमेकांसाठी सूर ओढून धरला होता. तुम्ही मला एकदा तरी सांगायचं होतंत, बाबा. मी गुरुवार सोडला नसता. निदान आज तसं वाटतं. सोळाव्या वर्षी सोडलाही असता.

काल काही आलं नाही. भजन नेहमीसारखं झालं, गूळ-खोबरं वाटलं आणि घरी आलो.

आज सकाळी क्रेट लादताना पोरीचा फोन आला. तिला त्या संध्याकाळपासून चैन नाही. बापाला असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "पप्पा, भजनात पन तुमाले असंच होते का?" मी हातातला क्रेट खाली ठेवला. मग म्हणालो, होते. ती म्हणाली, मंग येत्या गुरुवारी मी येते, मले पाहायचं आहे. लहानपणापासून तिला भजनाला चल म्हणून थकलो होतो, कधी आली नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. घडी करून ठेवीन, किंवा चुलीत जाईल. एवढंच कबूल करतो की मी पोरीशी खोटं बोललो आणि मला त्याची लाज वाटली नाही. उलट आज दिवसभर मी गुरुवारची वाट पाहतो आहे. गुरुवार चुकवला नाही एवढंच मी आजवर करत आलो, बाबा. त्याची वाट अशी कधी पाहिली नव्हती.