कनकाच्या घरावरचं नाव

अड्यार, चेन्नई
३ जानेवारी २०२४

चि. मानाजीस अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ऐकायचा कंटाळा. टपालखातं आपल्या दोघांच्या जिवावर चाललंय, असं भव्या म्हणते. तुझी नात बरी आहे. सकाळी सिरुसेरीच्या कंपनीची बस पकडते, संध्याकाळी येऊन माझ्या हातचा ताकभात खाते आणि माझ्याशी तमिळमधून भांडते. आपल्या तंजावरी मराठीत भांडायला तिला शब्द पुरत नाहीत म्हणे.

आता मुद्द्याचं. इथल्या वास्तुकारांच्या एका मंडळाने कनकाच्या घरावर नावाचा दगड बसवायचं ठरवलंय. शहरातल्या नव्या धर्तीच्या घरांमधलं अगदी सुरुवातीचं घर म्हणून. मंडळाचे चिटणीस व्यंकट मजकूर दाखवायला आले होते. ‘रचना: शेषाद्री. साहाय्य: कु. सईबाई.’ मी ब्याऐंशी वर्षांची बाई, या शहरात एकेचाळीस घरं उभी केली, आणि त्यातल्या पहिल्याच घरावर मी साहाय्य! व्यंकटांना कॉफी पाजली आणि सांगितलं, की हा दगड लागला तर मी हातोडा घेऊन येईन. ते हसले. मी हसले नाही.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय माझा राग उतरत नाही. बहात्तर साली मी शेषाद्रींच्या कचेरीत नोकरीला होते, पण कनकाचं घर हे कचेरीचं काम नव्हतं. ती माझी बालमैत्रीण. रविवारी बसून नकाशे मी काढले, परवाना माझा होता, खालच्या कोपऱ्यात नाव माझ्या हाताने लिहिलेलं होतं. महापालिकेतून शिक्का होऊन नकाशा परत आला, तेव्हा त्या जागी शेषाद्रींचं नाव आणि सही. मी त्यांना भर कचेरीत चोर म्हटलं आणि त्याच दिवशी नोकरी सोडली. पुढे ते वारले तेव्हाही मी त्यांच्या घरची पायरी चढले नाही.

मंडळाला कागद हवाय, आणि कागदावर शेषाद्री आहेत. कनका सांगतेय, पण ऐंशी ओलांडलेल्या बाईची आठवण हा पुरावा होत नाही म्हणतात. राहिलास तू. मला कांजिण्या आल्या होत्या, दाराला कडुलिंब बांधला होता, म्हणून नकाशा तूच महापालिकेत नेला होतास. तू नेलास तेव्हा त्यावर माझं नाव होतं, एवढं एका ओळीत लिहून सही करून पाठव. अकरा फेब्रुवारीला समारंभ आहे.

गुडघ्याला तेल लावत जा. माया आहे म्हणून सांगते.

तुझी,
अक्का

*

पुणे
१२ जानेवारी २०२४

ती. अक्काच्या चरणी मानाजीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझ्या नावामागे काय लावावं हे मला पंचाहत्तरीतही कळत नाही, म्हणून नुसतं तीर्थरूप. इकडे थंडी मी म्हणते आहे. सूनबाई विद्यालक्ष्मी रोज रस्सम करते, त्यावर दिवस काढतो. चाळीस वर्षं झाली, तरी वाणी अजून माझं मराठी ऐकून विचारतो की आपण कुठले. तंजावरचे म्हटलं की जिऱ्याबरोबर चार मिरच्या जास्त टाकतो.

अक्का, रागावू नकोस. शेषाद्री गेले त्याला पंधरा वर्षं झाली. मेलेल्या माणसाशी भांडून काय मिळणार? त्यांनी तुला पहिली नोकरी दिली, हेही खरं आहे. चाळीस घरांवर तुझं नाव आहे, एका घरावर नसलं तर काय आकाश कोसळणार आहे? तुझा रक्तदाब बघता तू शांत राहावंस, एवढीच धाकट्या भावाची विनंती.

नकाशाचं म्हणशील, तर मला आता नीटसं आठवत नाही. बावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट. खोटं कसं लिहू?

मोठ्या मनाने घ्यावंस.

तुझा,
मानाजी

*

अड्यार, चेन्नई
१८ जानेवारी २०२४

चि. मानाजीस आशीर्वाद. वि. वि.

पोंगल झाला. ऊस पाठवला असता, पण तुझे दात कुठे आहेत?

तुला आठवत नाही! तुझ्या मुंजीत कुणाला किती लाडू वाढले हे तू आजही सांगतोस. ठीक आहे, मी आठवण करून देते.

कागदावरचं घर कुणालाच कळत नाही, म्हणून मी ते आधी जमिनीवर काढत असे, पुऱ्या मापाचं. चुन्याच्या फक्कीने खोल्या आखायच्या आणि घरच्यांना एक दिवस त्यात बसवायचं. स्वयंपाक करणारीने स्वयंपाकघरात, म्हाताऱ्यांनी ओसरीवर. कनकाच्या जागेवर फक्की अर्ध्यात संपली. तिच्या सासूबाई सीतालक्ष्मीमामींनी घरातून कोलमचं, म्हणजे दारातल्या रांगोळीचं, तांदळाचं पीठ आणलं आणि राहिलेल्या रेघा त्याने मारल्या. जेवून परत येतो तो शेजारची गाय आमची भिंत चाटत उभी. स्वयंपाकघर आणि बैठकीमधली भिंत तिने साफ खाल्ली. मी पुन्हा पीठ मागितलं, तर कनका जागची उठेना. तिथे बसून तिला दारातून येणारा माणूस दिसत होता, समुद्राकडचा वारा लागत होता. आपल्या आईचं आयुष्य भिंतीकडे तोंड करून गेलं, आपलं जाणार नाही, असं ती म्हणाली. मामी पिठाचा डबा उचलून रागाने घरी गेल्या. पण भिंत गेली ती गेली, आणि मी उरलेल्या जन्मात एकाही बाईला भिंतीकडे तोंड करून उभं केलं नाही.

आता मंडळाच्या पुस्तिकेत लिहिलंय, की उघडं स्वयंपाकघर ही शेषाद्रींची दूरदृष्टी. शेषाद्रींना ती गाय तरी माहीत होती का? बिनगिलाव्याच्या विटा बघून लोक गोदाम म्हणायचे, जोतं तीन फूट उंच घेतलं म्हणून हत्तीवरचं घर म्हणायचे. ते सगळं हसं माझ्या वाट्याला आलं, तेव्हा शेषाद्रींचं नाव कुणी घेतलं नाही. पंधरा सालच्या पुरात अख्ख्या गल्लीत पाणी शिरलं आणि कनकाच्या उंबऱ्याला शिवलं नाही, तेव्हापासून दूरदृष्टी सुरू झाली.

भव्याने रजा टाकली आणि महापालिकेच्या जुन्या दप्तरातून मूळ नकाशा शोधून काढला. मागून दिवा धरून फोटो घेतलाय, सोबत पाठवते. ब्लेडने खरवडलेली जागा दिसते आणि तिच्याखाली माझं नाव पुसट आहे, असं भव्या म्हणते. मोतीबिंदूमुळे मला नीट दिसत नाही. तुझे डोळे अजून शाबूत आहेत. बघ आणि मग लिही, आठवत नाही म्हणून.

तू लिही नाहीतर नको लिहू, मी अकराला तिथे उभी राहणार आहे.

अक्का

*

पुणे
२७ जानेवारी २०२४

ती. अक्काच्या चरणी साष्टांग नमस्कार.

फोटो पाहिला. चार दिवस टेबलावर पडून होता. विद्यालक्ष्मीने दोनदा विचारलं, कुणी गेलं का म्हणून.

अक्का, ते नाव मी खरवडलं.

शुक्रवार होता. आडी महिना लागायला दोन दिवस राहिले होते आणि आडीत अशुभ म्हणून कुणी कुदळ मारत नाही. तपासणी झाली होती, शिक्का तेवढा बाकी होता. महापालिकेच्या खिडकीतल्या माणसाने नाव वाचलं आणि शेजाऱ्याला दाखवून हसला. म्हणाला, बिनलग्नाच्या पोरीने काढलेलं छप्पर पडलं तर कुणाला धरायचं? पुरुषाचं नाव आण, संध्याकाळपर्यंत शिक्का देतो. मी तेवीस वर्षांचा होतो. भांडायला हवं होतं. तू असतीस तर खिडकी उपटून काढली असतीस. मी पेट्टीकडैवरून, कोपऱ्यावरच्या त्या टपरीवरून, ब्लेड घेतलं. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने कशी उडवायची, हे मला तूच शिकवलं होतंस. त्या जागी शेषाद्रींचं नाव लिहिलं, अक्षरही तुझ्याच वळणाचं काढलं.

मग सहीसाठी शेषाद्रींकडे गेलो. त्यांनी विचारलं, सईबाईला हे ठाऊक आहे का? मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. तेव्हा त्यांनी सही केली.

तू त्यांना चोर म्हणालीस तेव्हा मी तुझ्यामागे दारात उभा होतो. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं समजलं आणि ते काही बोलले नाहीत. त्यांनी तोंड उघडलं असतं तर माझं काय झालं असतं, हे त्यांना कळलं होतं. आणि मी त्यांना तसंच चोर राहू दिलं. आज सांगतो, उद्या सांगतो, करता करता तुझी कामं वाढली, नाव झालं. मी मनाला समजावलं, की झालं ते बऱ्यासाठीच झालं. तुझ्यासाठी केलं असंही मी म्हणत असे. खरं तर मला त्या खिडकीतल्या माणसाची भीती वाटली.

काय शिक्षा करायची ती कर. पण पत्र लिहिणं थांबवू नकोस.

मानाजी

*

अड्यार, चेन्नई
१ फेब्रुवारी २०२४

मानाजी,

आशीर्वाद लिहिलेला नाही. विसरले म्हणून नव्हे.

काल तिरुवल्लिकेणीला शेषाद्रींच्या मुलीकडे गेले. नित्या तिचं नाव. दुसरा मजला, जिना अरुंद. भव्याने हात धरला होता, तरी प्रत्येक पायरीवर मला वाटत होतं की मागे फिरावं. तुझं पत्र तिला तमिळमध्ये सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, दर दोन-तीन रविवारी अप्पा आम्हाला बसने अड्यारला न्यायचे आणि ते घर आलं की दाखवायचे. हे माझ्यावर ओरडलेल्या मुलीने बांधलंय, असं सांगायचे. सही माझी आहे, घर तिचं आहे, म्हणायचे. मी त्या माणसाच्या तेराव्यालाही गेले नव्हते रे. तू माझं नाव खरवडलंस त्याहून हे मला जास्त लागलंय.

अकराला तू इथे यायचं. पत्र चालणार नाही, भव्याने वाचून दाखवलेलं चालणार नाही. जे दारात उभं राहून बोलला नाहीस, ते माणसांसमोर उभं राहून बोल. गुडघा दुखतो हे मला माहीत आहे. दुखू दे.

सईबाई

*

अड्यार, चेन्नई
२० फेब्रुवारी २०२४

चि. मानाजीस अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

पुण्याला सुखरूप पोचल्याचं विद्यालक्ष्मीने भव्याला कळवलं. गाडीत तू एक शब्द बोलला नाहीस, असंही कळवलं. इथेही आपण बोललो नाही, म्हणून आता लिहिते.

तू बोललास. तमिळ विसरत होतास, मधेच आपल्या मराठीवर जात होतास, पण खिडकीपासून दारापर्यंत सगळं सांगितलंस. नित्यापुढे हात जोडलेस. मी पहिल्या रांगेत बसून मोजत होते की तू कुठे काय गाळतोस. काही गाळलं नाहीस. तेवढ्यापुरता मला तुझा अभिमान वाटला, हे लिहायला मला जड जातंय.

पण नंतर काय झालं ते पाहिलंस ना? लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. केवढा प्रामाणिकपणा, या वयात केवढं धैर्य! व्यंकटांनी तुला शाल घातली. नाव माझं गेलं, बावन्न वर्षं माझी गेली, आणि शाल तुला! मला हसू आलं आणि संतापही आला. म्हणून मी माईक घेतला. तू मान खाली घातली होतीस, नीट ऐकलं नसशील, तर पुन्हा लिहिते. मी म्हटलं, त्या दिवसापासून प्रत्येक नकाशा मी स्वतः खिडकीवर नेला. चाळीस वेळा पुरुषाचं नाव मागितलं गेलं आणि चाळीस वेळा मी तिथेच स्टूल टाकून बसले. एकदा तर दोन दिवस डबा घेऊन बसले. टाळ्या वाजवायच्या तर त्या बसण्याला वाजवा. मग कनका काठी टेकत उठली आणि एकटीने वाजवायला लागली. बाकीचे तिच्यामागून.

माफी मागू नकोस. माझ्याकडे असती तर दिली असती. चुकीच्या माणसावर मी अर्धं आयुष्य रागावले, ती वर्षं तुला परत करता येत नाहीत आणि मला सोडता येत नाहीत. पण मला अक्का म्हणणारा जगात तू एकटा उरला आहेस, आणि तुझं पत्र आलं नाही तर मी टपालवाल्याला छळते, असं भव्या सांगेलच.

जुन्या मजकुराचा दगड त्या दिवशी बसलाच नाही, आणि काल व्यंकट नवा मजकूर घेऊन आले. शेषाद्रींचं नाव मी काढू दिलं नाही. ‘सही: शेषाद्री’ एवढं खाली राहील, नित्याला विचारून ठरवलंय. वर माझं नाव. त्यांनी विचारलं, कुमारी सईबाई लिहू, की वडिलांचं नाव जोडू? मी म्हटलं, नुसतं सईबाई, आणि रस्त्यावरच्या बसमधून वाचता आलं पाहिजे. त्यांनी दगडाचं माप पुढे केलं, इतकी मोठी अक्षरं यात बसत नाहीत म्हणाले. मी सांगितलं, मग दगड मोठा आणा.

राग आहे आणि मायाही आहे. दोन्ही असू देत.

तुझी,
अक्का