छतातून आलेली ब्रायडीमावशी

वेस्ट क्लेअर
ऑक्टोबरातला तिसरा शुक्रवार, पाऊस चालूच

तीर्थरूप डिम्पनाताईस,

तुझ्या धाकट्या मावसभावाचा, कोलमनचा, वाकून नमस्कार. (तू माझ्याहून तीनच वर्षांनी मोठी, आणि लहानपणी तू मला वासरांच्या गोठ्यात कोंडलं होतंस. तरी आज तीर्थरूपच लिहितो, कारण तू रागावलेली आहेस.) तुझा गुडघा कसा आहे? ब्रायडीमावशीला रात्री झोप लागते का? आम्ही इकडे ठीक. गाई दूध देतायत, बायको असम्प्टा बोलणी देतेय आणि आई ठणठणीत आहे. आईचं मुद्दाम लिहितो, कारण रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात जी किंकाळी ऐकू आली, त्यावरून तुमचा काय समज झाला असेल याची मला कल्पना आहे.

रविवारपासून तुला अकरा वेळा फोन केला. तू उचलत नाहीस. मावशी उचलू देत नसणार, तिचा स्वभाव मी ओळखतो. म्हणून हे पत्र. ताई, चुलीत घालण्याआधी एवढं वाच: आईने फोन आपटला नाही. तिने तो हातातच घेतला नव्हता, मग आपटेल कशी? ती मावशीवर ओरडली नाही. ती पाण्याला ओरडली. आता सगळं पहिल्यापासून सांगतो, आणि मावशी शेजारी बसली असेल तर मोठ्याने वाच.

भांडण तुला पाठ आहे. नऊ वर्षांपूर्वी आजीला माती दिली आणि त्याच दिवशी चहाच्या टेबलावर या दोघींची जुंपली. आजोबा तळाला, त्यांच्यावर आजी, आणि कबरीत वर एकाच शवपेटीची जागा उरली. ती कोणाची? मावशी म्हणाली, मी थोरली. आई म्हणाली, शेवटची सात वर्षं आईबापांचं मी केलं. (माझे वडील त्यांच्या माणसांत निजलेत, तिथेही जागा आहे. पण आई म्हणते, त्या घरच्यांबरोबर चाळीस वर्षं काढली, आता पुरे.) तेव्हा फादरसमोर आईने शपथ घेतली की ब्रायडीच्या घराचा उंबरठा ओलांडणार नाही आणि तिच्याशी बोलायला फोन हातात धरणार नाही. मावशीनेही तिथल्या तिथे तीच शपथ घेतली, शब्दसुद्धा तेच. आपल्या घराण्यात शपथ मोडत नाहीत. फार तर तिला वळसा घालतात.

तो वळसा आईला यंदा सप्टेंबरात सुचला. नाश्त्याला अंडं फोडता फोडता म्हणाली, "कोणाच्या अंगणात गाडी उभी केली तर उंबरठा ओलांडला असं होत नाही ना रे?" मी घास गिळायचा विसरलो. म्हटलं, नाही होत. म्हणाली, "मी गाडीतच बसेन. तिला वाटलं तर येईल काचेशी." नऊ वर्षांत पहिल्यांदा! आई चौऱ्याऐंशीची, मावशी अठ्ठ्याऐंशीची, आता नाही तर कधी? पण आमच्या जुन्या बुटक्या गाडीत आईला बसवायचं म्हणजे जिन्यावरून कपाट उतरवण्यासारखं होतं. तिचं कंबरेचं हाड वाकतच नाही. म्हणून मी ही एसयूव्ही घेतली. गावात लोक म्हणतात कोलमनला म्हातारपणी मस्ती आली. तुला खरं कारण सांगतोय.

आणि ताई, काय गाडी आहे गं! मी सत्तावन्न वर्षांचा, तेवीस गाई एकहाती सांभाळणारा माणूस, पहिल्या दिवशी तिच्यात बसलो आणि आपोआप टोपी काढली. छताला ही एवढी काच, बटण दाबलं की आभाळ उघडतं. कुलपाला किल्ली लावावी लागत नाही, नुसती खिशात असली तरी तिला कळतं की मी आलोय. (असम्प्टालासुद्धा कधी कळलं नाही.) मागे गोठ्याची भिंत जवळ आली की आधी हळू कुरकुरते, मग ओरडते. बसायच्या जागा तापतात! आई पहिल्यांदा बसली तेव्हा तिला वाटलं आपल्याला काही झालं. मग म्हणाली, हे मला चालेल.

मग मी सामानाच्या नादी लागलो. आईला चढायला बाजूची पायरी, धरायला जादा मूठ, चाकांमागे चिखल अडवायचे पडदे, काठ उचललेले रबरी गालिचे, सीटच्या पाठीवरून उघडणारं चहाचं फळकूट (मावशी काचेशी आली आणि चहा घेतला तर कप ठेवायचा कुठे, एवढा दूरचा विचार मी केला होता). छतावरची पेटीसुद्धा घेतली. तिच्यात काय ठेवायचं ते अजून ठरलेलं नाही, पण ती आहे, आणि तिच्याकडे पाहून बरं वाटतं.

फोनचं मात्र मला आधी भय वाटलं. दुकानातल्या मुलीने माझा आणि असम्प्टाचा, दोघांचेही फोन गाडीशी जोडून दिले. एका बुधवारी मी अंगणात गाडीत उगाच बसलो होतो (हल्ली बसतो), असम्प्टा आत स्वयंपाकघरात तिच्या बहिणीला फोन करत होती, आणि एकाएकी तिचा आवाज माझ्या चारी बाजूंनी यायला लागला. दारांतून, छतातून, पायाखालून, मानेमागून. विषय मीच होतो. चोवीस वर्षांच्या संसारात मला जे कोणी सांगितलं नव्हतं ते सगळं त्या दहा मिनिटांत कळलं. आत जाऊन कोणी न सांगता कचऱ्याचे डबे बाहेर ठेवले. असम्प्टा अजून विचारते, तुला बरं वाटत नाहीये का? आता गाडीशी फक्त माझाच फोन जोडलेला आहे.

आणि मग ओल. पहिल्या आठवड्यातच पुढचे गालिचे भिजलेले. मी म्हटलं, आमच्या बुटांचं पाणी असेल. दुसऱ्या आठवड्यात वास. असम्प्टाने कुत्र्याला दोष दिला, कुत्र्याने तोंड फिरवलं. आमच्या डिनी मेकॅनिकने दारांची रबरं तपासली, पाइपाने पाणी मारलं, डोकं खाजवलं आणि पट्ट्या चिकटवल्या. असम्प्टाने माझे जुने मोजे मांजराच्या वाळूने भरून सीटखाली ठेवले, वाळू ओल शोषते म्हणे. शोषायची. मोजे फुगून पायाएवढे व्हायचे, आणि सकाळी दार उघडलं की सीटखाली कोणीतरी पाय बाहेर ठेवून लपलाय असं वाटायचं. पाणी येतं कुठून ते काही कळेना. पण तुमच्याकडे यायचा रविवार तर ठरलेला होता. म्हटलं, ओल्या पायांनी जाऊ.

शनिवारी आईने केस बसवून घेतले. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून निघालो. आई पुढे माझ्याशेजारी, हिरवा कोट, मांडीवर पर्स आणि दोन्ही हात पर्सवर. लिमरिक गेलं, टिपेररी लागलं, तिचे हात पर्सवरून हलले नाहीत. मी तुला फोन लावला की अर्धा तास उशीर होतोय, बटाटे आत्ताच चढवू नकोस. तू म्हणालीस हात पिठात आहेत, फोन ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजात लावते. तेवढ्यात तुझ्यामागून मावशीचा आवाज आला. येऊन पडला म्हणायला हवं, अगदी छतातून, आईच्या डोक्यावर.

"आली का गं ती? चांगले कप आत ठेव हो. मागच्या खेपेला एकाचा कान तोडून गेली होती."

मी मेलोच म्हटलं. आईने आधी छताकडे पाहिलं, मग क्रूसाची खूण केली, मग छताला म्हणाली, "कान आधीपासून तुटलेला होता, ब्रायडी."

तिकडे तुझ्या हातातून काहीतरी खाली पडल्याचं ऐकलं मी. मग मावशी म्हणाली, "फोन हातात धरलास तू?"

"नाही. माझे हात पर्सवर आहेत. तू?"

"माझे एप्रनच्या खिशात."

ताई, तू होतीस तिथे, तुला काय सांगू? पण तू एका ओट्यापाशी उभी होतीस. मी त्या आवाजाच्या आत बसलो होतो. शपथ शाबूत, आणि दोघी बोलतायत! चाळीस मिनिटं! आधी कप, मग कोण कोण गेलं त्याची यादी, मग त्या कुठल्याशा नाचात आईचा जोडीदार मावशीने पळवला होता तो (मावशी म्हणाली, त्याला घेऊन जायचं होतंस, मला तरी कुठे उपयोग झाला). मग दोघी अशा हसल्या की गाडीच्या काचांवर वाफ धरली. आईला हसताना मी किती वर्षांनी ऐकलं ते मोजायला गेलो आणि डोळे भरून आले, रस्ता दिसेना. देवळात गेल्यावर छाती भरून येते ना, तसं झालं होतं. गाडी विकणाऱ्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

आणि मग मावशीचा आवाज एकदम खाली आला. म्हणाली, "हॅना, त्या जागेचं म्हणशील, तर मी असं ठरवलंय की..."

आम्ही उतारावर होतो. कुठल्याशा फाटकातून बीट भरलेला ट्रॅक्टर समोर आला. मी कचकन ब्रेक मारला. आणि छतातून, जिथून मावशी बोलत होती बरोबर तिथून, एक आख्खी बादली थंडगार पाणी आईच्या बसवलेल्या केसांवर आलं! ती ओरडली ते तुम्ही ऐकलंत. "नको! नको! घाला चुलीत!" एवढंच तुम्हाला पोचलं असणार, कारण पुढच्या क्षणी गाडीचा स्क्रीन काळा झाला, फोन जिथे ठेवला होता त्या खळग्यात तळं साचलं आणि मावशीचं वाक्य अर्धंच राहिलं. चुलीत घालायचं होतं ते गाडीला, ताई. मावशीला नाही, तिने जे ठरवलंय त्यालाही नाही. ते तर आईने ऐकलंच नाही! आई निथळत बसून राहिली. मग म्हणाली, "वरून खूण झाली. गाडी वळव." मी पुष्कळ विनवलं. पण आई खुणेपुढे कोणाचं ऐकत नाही. तासाभराने फोन सुकवून तुला लावला, तेव्हापासून तू उचललेला नाहीस.

सोमवारी डिनीने छताचं अस्तर उतरवलं. आकाशाच्या काचेभोवती एक पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांत बारीक भोकं, पाणी खाली जायला. पुढची दोन्ही भोकं बुजलेली. डिनीने चिमट्याने एकेक करून बाहेर काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं: मारियामातेची दोन पदकं आणि प्रवाशांच्या संताचं एक. आमच्याकडे घराच्या पायात पदक पुरल्याशिवाय कोणी राहायला जात नाही, नव्या गोठ्यातही पुरतात, हे डिनीलाही माहीत. त्याने टोपी काढली आणि मग हसू आवरेना म्हणून गॅरेजच्या मागे गेला. फादरनी नव्या गाडीवर आशीर्वादाचं पाणी शिंपडलं त्या दिवशी छत उघडं होतं, आणि आईला ती भोकं रिकामी दिसली. विणायच्या सुईने आत सारली म्हणे. मी पदकं तिच्यासमोर ठेवली. जराही वरमली नाही. म्हणाली, "ट्रॅक्टरवर आपटलास का? नाही ना? मग?"

पण थोड्या वेळाने चहा ढवळता ढवळता ती म्हणाली, "म्हणजे खूण नव्हतीच ती. मीच केलेलं." आणि मग पुष्कळ वेळ खिडकीतून गाडीकडे पाहत बसली.

तुमचं जेवण वाया गेलं, त्याबद्दल माफी. हॅमचं काय केलंत? मावशीला माझा नमस्कार आणि केसांचं सांग, तिला बरं वाटेल.

तुझा,
कोलमन

ता. क. खरं काम आता सांगतो. मंगळवारी गाडी परत आली. तेव्हापासून आई रोज दुपारी तीनला हिरवा कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन, अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसते आणि छताकडे बघते. विचारलं तर म्हणते, सीट गरम आहे म्हणून बसते, तुझं काय जातं? घरातला फोन वाजला तर तिकडे ढुंकून बघत नाही. तर ताई, तीन ते चारच्या दरम्यान माझ्या फोनवर एक फोन कर आणि तुझा ओट्यावर ठेव. मी कोंबड्यांच्या खुराड्यापाशी असतो, त्यापलीकडे गेलो की जोडणी तुटते. तीन दिवस मी तिथेच उभा आहे. कोंबड्यांनाही आता संशय येतोय.

ता. क. २. असम्प्टा म्हणते, मावशीचं अर्धं राहिलेलं वाक्य काय होतं ते तूच पत्राने कळव, म्हणजे सगळ्यांचा जीव भांड्यात पडेल. कळवू नकोस. ते छतातूनच आलं पाहिजे.

ता. क. ३. पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात आईने अंगणातून हॉर्न वाजवून बोलावलं. काच दोन बोटं खाली केली आणि म्हणाली, लिही. कबरीतली जागा ब्रायडीची. पण तिला म्हणावं, जायची घाई करू नकोस.