पेटीला घातलेली झेंडूची माळ

तीर्थरूप दादासाहेब यांच्या चरणी चाकणहून जावई ज्ञानेशचा साष्टांग दंडवत.

आपला गुडघा कसा आहे? आईंचं बीपी? तनुजा नीट जेवते ना, आणि बाळीची उचकी थांबली का? (उत्तराची वाट न पाहता पुढे लिहितो, कारण हल्ली एका जागी बसवत नाही. हे पत्रही स्टोअरच्या काउंटरवर उभ्यानेच लिहितोय.) फोन केला की तो आई घेतात आणि विषय डिंकाच्या लाडवांवर जातो, म्हणून कागद.

मी किरणोत्सर्गी झालो अशी बातमी आपल्या तळेगावभर आहे, तिचं मूळ ऐका. आमच्या कंपनीत वेल्डिंगचे जोड तपासायला इरिडियमची एक पेटी असते. डॉक्टर हाडांचा फोटो काढतात, तसा आम्ही लोखंडाचा काढतो. छातीवर एक बिल्ला लावायचा. किती किरण पडले ते तो धरून ठेवतो आणि तीन महिन्यांनी तपासणीला जातो. खंडेनवमीला लेथला, क्रेनला हळदकुंकू लागलं, मग पेटीनेच काय पाप केलंय, असं मला वाटलं. तिला झेंडूची माळ घातली. बिल्ला रोज राखण करतो म्हणजे तोही हत्यारच, म्हणून तो माळेत अडकवला. मग पेढे, मग सुट्टी. पेटी कुलपात गेली आणि बिल्ला चार दिवस तिला चिकटून प्रसाद घेत बसला. आता अहवाल म्हणतो की वर्षभरात घेऊ नयेत इतके किरण मी एकदम घेतले. (त्या चार दिवसांत मी आपल्याकडे श्रीखंड घेत होतो, आपण साक्षीदार आहात.) आमचा सुरक्षा अधिकारी कुलदीप याने पूजेच्या फोटोत माळेतला बिल्ला पाहून कपाळाला हात लावला. पण नियम तो नियम. रक्त तपासायला गेलं आणि तोवर मी स्टोअरमध्ये हातमोजे वाटतोय.

आईंना एवढं समजवा. अणू म्हणजे आपल्या शेजारचं एनए प्लॉटिंग. मधोमध एक ऑफिस, लांब कुंपणाशी वॉचमन, बाकी सगळं मोकळं. इरिडियमच्या ऑफिसात आतली घडी बसलेली नाही, म्हणून तिथून सारखं काहीतरी बाहेर फेकलं जातं. चौऱ्याहत्तर दिवसांत त्याचा जोर निम्मा होतो, पुढच्या चौऱ्याहत्तरात उरलेल्याचा निम्मा. (आत्याबाईंचा रुसवाही असाच उतरतो, पूर्ण कधीच नाही.) पण ते किरण अंगातून निघून जातात, राहायला येत नाहीत. एक्स-रे काढून आलेला माणूस घरात उजेड पाडत नाही. आणि शेजारचे लक्ष्मणराव म्हणतात तसा मी बॉम्बही नाही. बॉम्बमध्ये एक अणू फुटून दोघांना फोडतो, ते दोघे चौघांना. माझी बातमी आपल्या गल्लीत अशीच पसरली, एवढाच काय तो माझा बॉम्बशी संबंध.

तरी आई फोनवर म्हणाल्या, "जावईबापू, रागवू नका, पर बाळ नाजूक हाय. जरा उतरू द्या, मग या." म्हणून रविवारी, आपण देहूला गेला होता तेव्हा, मी फाटकाबाहेरच उभा राहिलो. चहा कठड्यावर आला. तनुजाने खिडकीतून पोर दाखवली, दुपट्यातून फक्त नाक दिसलं. बापाने नाकावर भागवावं हे काही बरं नाही. गुरुवारी बारसं आहे आणि मला तिला घ्यायचंय.

आपला, अजून स्टोअरमध्येच असलेला,
ज्ञानेश

ता. क. रक्ताचा अहवाल आत्ताच आला. सगळं ठीक आहे, उद्यापासून मूळच्या कामावर. प्रत सोबत जोडली आहे, आईंना दाखवा.

ता. क. २. नाही दाखवली तरी चालेल. खरं सांगतो, रविवारी त्यांनी स्वतः फाटक उघडलं होतं. "या आत, पोर तुमची हाय," म्हणाल्या. मीच शिफ्टचं कारण सांगून मागे फिरलो. अणू मला पाठ आहे दादासाहेब, पण ती अडीच किलोची आहे आणि मला भीती वाटते. गुरुवारी मी आलो की तिला माझ्या हातात द्या. मी नको म्हटलं तरी द्या.