आधी माझं ताट

प्रिय कर्स्टी,

तू टाउन्सव्हिलला सुखरूप पोचलीस, मनिलातली जहाजाची कागदपत्रं उरकून एल्मोही तुझ्याबरोबरच घरी आला, हे त्यानं फोनवर सांगितलं. मग म्हणाला, ‘नानाय, कर्स्टीशी बोलतेस? इथंच आहे ती.’ मी म्हणाले, चुलीवर भात आहे. भात केव्हाच उतरला होता. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून त्या उतरलेल्या भाताकडे बघत राहिले. सिस्टर बेनिग्नांनी छडीच्या धाकानं शिकवलेलं माझं इंग्रजी आता गंजलंय, तरी फोनवर जे घशात अडकतं ते कागदावर उतरेल, असं वाटतं. एल्मो सांगत होता, तू त्याला सारखी विचारतेस, ‘आईंना माझं काय खटकलं?’ तो म्हणतो, काही नाही. मुलगे असंच म्हणतात. मी सांगते.

पहिल्या दिवसापासूनच सुरुवात करते. फाटकात एल्मोनं वाकून माझा हात आपल्या कपाळाला लावला. तू शेजारीच उभी राहून ते पाहिलंस. आता तूही लावशील म्हणून मी हात तसाच पुढे धरून ठेवला होता, आणि तू तो बाजूला सारून मला मिठी मारलीस! माझा नवरा लिओन्सिओ गेल्यापासून मला कुणी मिठी मारली नव्हती. मी विजेच्या खांबासारखी उभी. वर तू म्हणालीस, ‘हॅलो, प्रेसेंतासिओन!’ माझा सख्खा थोरला भाऊसुद्धा मला त्या नावानं हाक मारत नाही. शाळेत सिस्टर त्या नावानं हाक मारायच्या, त्याही रागावल्या की. पुरिंग, मला मानांग, म्हणजे ताई, म्हणणारी माझी नणंद, दारातच पोट धरून हसली. ‘मानांग, सूनबाईंनी आल्या आल्या तुला वर्गात उभं केलं गं!’ कुंपणापलीकडे अर्धी गल्ली जमली होती. त्या सगळ्यांसमोर.

मग तू आणलेली ती निळी शाल. मी ती न उघडता कपाटात ठेवली आणि तुझा चेहरा पडला. अगं, देणाऱ्यासमोर पुडकं उघडणं म्हणजे हावरटपणा, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. तू अंघोळीला गेलीस तशी मी ते उघडलं. मऊ आहे. रंग मला शोभतो. हे मी तुला सांगितलं नाही, कारण पुरिंग लगेच म्हणाली, ‘पोरीला पारख आहे हो,’ आणि मग माझ्यानं सांगवेना.

तू विचारायचीस, ‘मी भांडी घासू का?’ आणि मी भुवया उंचावायचे. तू पुन्हा विचारायचीस, मी पुन्हा उंचावायचे. तुला वाटलं, मी तुझ्याकडे डोळे वटारतेय. भुवया वर म्हणजे हो, कर्स्टी. हो, घास. रस्त्यात कुणी विचारलं, ‘कुठं निघालीस?’ की तू थांबून सगळा बेत सांगायचीस, आधी पोस्ट, मग चर्च, मग एल्मोचे केस कापायचेत. उत्तर नको असतं त्यांना. ओठ पुढे काढून रस्ता दाखवायचा नि चालू पडायचं. आणि जेवायला बोलावलं की पहिल्या हाकेला बसायचं नसतं. एकदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा कुणी दंडाला धरून ओढलं की बसायचं. तू शेजारच्या मिस्टर गालव्हेझांच्या घरी पहिल्याच हाकेला खुर्ची ओढलीस. ते काय जेवणार होते त्या दिवशी, देव जाणे.

आणि ते इबोस. माडाच्या पात्यात वळलेला चिकट भात, मी पहाटे उठून केलेला. शेवटी ताटलीत एकच उरलं होतं. शेवटचा घास कुणी उचलत नाही आमच्यात. तो तसाच राहतो, सगळे त्याच्याकडे बघत बसतात, आणि नंतर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या यजमानीण तो खाते. तू हात घातलास आणि म्हणालीस, ‘कुणीच घेत नाही? मग मी घेते. फारच छान झालंय.’ मग एल्मो हसला. माझा एल्मो, ज्याला मी लहानपणी शेवटच्या तुकड्यासाठी चापट मारली होती, तो टेबलावर हात आपटून हसला.

पण यातलं काहीच मला खटकलं नाही, कर्स्टी. परकी माणसं येतात, चुकतात, आपण हसतो, ती निघून जातात. मला खटकलं ते वेगळंच. तुझ्या चुका सगळ्यांना गोड लागल्या. मासळीवाली तुझ्यासाठी सर्वांत ताजा मासा बाजूला ठेवायला लागली, जो मी चाळीस वर्षं घासाघीस करून मिळवत आलेय. गल्लीतली पोरं तुझ्यामागे मिठीची नक्कल करत फिरायची, आणि तू वळून खरीच मिठी मारायचीस. दुपारी पुरिंग माझ्याऐवजी तुझ्याजवळ बसायला लागली. आणि आंबा! लहानपणापासून एल्मो आंबा कापायचा तो असा: एक गाल मला, एक त्याला, कोय दोघांत. कोय चोखताना तो मला दिवसभराचं सगळं सांगायचा. यावेळी त्यानं दोन्ही गाल तुझ्या ताटलीत ठेवले, कोय स्वतः घेतली, आणि मला म्हणाला, ‘नानाय, तुला हवा तर टोपलीत अजून आहेत.’ टोपलीत अजून आहेत! टोपली मीच भरली होती. त्या दिवशी मी आंब्याला हात लावला नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. तुझ्या मात्र आलं. तू विचारलंस, ‘तुम्ही नाही घेतलात?’ मला त्याचाच जास्त राग आला.

आता ताटाबद्दल सांगते. पहिल्या आठवड्यात पुरिंगचा धाकटा जेवणातून उठून बस पकडायला पळाला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी आपापलं ताट जागच्या जागी एकदा गोल फिरवलं. तू काटा हातात धरून बघत राहिलीस. काही विचारलं नाहीस, म्हणून मला वाटलं, मनात हसली असेल. जेवण अर्ध्यावर टाकून कुणी प्रवासाला निघालं तर मागे राहिलेल्यांनी ताट फिरवायचं, म्हणजे गेलेला सुखरूप पोचतो. सिस्टर बेनिग्ना याला अडाणीपणा म्हणायच्या. मीही शाळेत मान डोलावायचे आणि घरी येऊन ताट फिरवायचे.

लिओन्सिओची होडी होती. एका सकाळी मी बाजारात गेले होते. तो आणि एल्मो जेवायला बसले होते. एल्मो इतका लहान की पाय खुर्चीवरून लोंबत होते. बाहेरून कुणीतरी ओरडलं, मासळीची झुंड आलीय, आणि लिओन्सिओ भाताचा घास तोंडात असतानाच उठला. मी परत आले तेव्हा पोरगं एकटंच बसून बोटानं कालवण चाटत होतं. मला बघून म्हणालं, ‘ताताय गेला.’ दोन ताटं होती टेबलावर, जशीच्या तशी. संध्याकाळी वारा सुटला. होडी सापडली, तो सापडला नाही. वाऱ्यानं झालं हे मला कळतं, कर्स्टी. मी शिकलेली बाई आहे. पण त्या दिवसापासून एल्मो कुठंही जायला उठला की मी ताट फिरवते, जेवण झालेलं असलं तरी. हे त्याला मी कधी सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. त्यानं त्या लोंबत्या पायांकडे पुन्हा बघावं, असं मला वाटत नाही.

तर तो मनिलाला निघाला तो दिवस. तू दोन दिवसांनी जाणार होतीस. आपण जेवत होतो. त्याच्याबरोबर द्यायचा डबा भरायला मी मध्येच उठले, आणि नेमकी तेव्हाच गाडी आली. ठरल्यापेक्षा लवकर. त्यानं फाटकातून हाक मारली. डबा धड बंदही झाला नव्हता, तशीच मी धावले. त्यानं माझा हात कपाळाला लावला, माझ्या बोटांना कालवण लागलेलं. गाडी चर्चच्या वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा मला आठवलं: ताट! मी आत पळत आले. माझ्या ताटातला माशाचा काटा मी डावीकडे काढून ठेवला होता. तसाच होता तो, डावीकडे. मी ताटाला हात घातला तेवढ्यात पुरिंग भरल्या तोंडानं म्हणाली, ‘राहू दे मानांग, झालंय. गाडीचा आवाज आला तशी हिनं स्वतःचं फिरवलं, मग उठून तुझंही फिरवलं. पूर्ण गोल, डोळे मिटून. मी घास गिळेपर्यंत!’

तू माझ्याकडे बघत होतीस. मला वाटतं, मी काहीतरी बोलेन अशी तुला आशा होती. आणि मी काय केलं, तुला ठाऊक आहे. तुझ्यासमोर मी ताट पुन्हा फिरवलं. जणू तुझ्या फिरवण्याला काही किंमतच नव्हती. तू मान खाली घातलीस आणि गार झालेला भात शेवटच्या शितापर्यंत संपवलास. त्यानंतरचे दोन दिवस तू मला ‘प्रेसेंतासिओन’ म्हणाली नाहीस. काहीच म्हणाली नाहीस.

आता कुणी विचारलं तर मी सांगेन, माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. ते माझं ताट होतं, माझा मुलगा होता, आणि त्याच्यासाठी घाबरण्याचा हक्कही माझाच होता. तीस वर्षं मी एकटीच घाबरत आलेय, आणि त्या घाबरण्यात कुणी वाटेकरी येईल असं मला कधी वाटलंच नव्हतं. तू निघालीस त्या दिवशी पुरिंग फाटकात उभी राहून म्हणाली, ‘मानांग, ताट फिरवताना तिच्याकडे बघवत नव्हतं गं. डोळे मिटून नुसती पुटपुटत होती.’ मी तिला म्हणाले, तू आपलं काम बघ. पण रात्री शाल काढली आणि खांद्यावर घेऊन बसले. उकडत होतं, तरीही.

एल्मो म्हणाला, या महिनाअखेरीस त्याचं जहाज तुमच्या बंदरातून निघतंय, नऊ महिन्यांसाठी. म्हणून हे पत्र, बाकी सगळं तू विचारलंस म्हणून. त्याची गाडी कधीही वेळेवर येत नाही. तो जेवणातून उठेल, ते मी इथून बघू शकणार नाही. त्या दिवशी टेबलावर माझ्या नावाचंही एक ताट मांड. थोडा भात वाढ, माशाचा एक तुकडा ठेव. तो दारातून बाहेर पडला की फिरव, पूर्ण गोल, डोळे मिटून, तुला येतं तसंच. पण आधी माझं फिरव, मग तुझं. एवढं माझं ऐक. आणि नंतर फोन कर. चुलीवर भात असला तरी मी घेईन.

तुझीच,
नानाय