नादोपचार आणि माझं कोपर

३ जून
आजपासून कामाला लागायचं. महिनाअखेर नादोपचार हॉस्पिटलात सुरू झालाच पाहिजे. ठोकला की गुणगुणणारा लोखंडी चिमटा दुखऱ्या सांध्यावर टेकवायचा, बास. ना गोळी, ना सुई. मात्र चिमटा ठोकायचा तो स्वतःच्या कोपरावर. उपचार करणाऱ्याची ऊर्जा त्यात उतरते. हा शोध माझा. (आधी टेबलावर ठोकायचो, त्याला पोचे पडले म्हणून बायकोने आकांडतांडव केलं होतं, तो निव्वळ योगायोग.)

५ जून
हाडांच्या डॉक्टरला भेटलो. मिशीही धड फुटलेली नाही. विचारतो, पुरावा काय? म्हटलं, शेजारचे ड्रिलमास्तर. गुडघा धरून यायचे, आता जिना चढतात. म्हणाला, एका माणसाच्या गुडघ्याने भागत नाही. पेशंट मी देतो. निम्म्यांना चिमटा ठोकून लावा, निम्म्यांना न ठोकता. फरक दिसला तर खोली देतो. न ठोकता म्हणे! अक्कल गहाण टाकलीय. असले लोक खुर्चीत बसलेत म्हणून नादोपचार दाराबाहेर ताटकळतोय.

८ जून
ड्रिलमास्तरांकडे सर्टिफिकेट मागितलं. म्हणाले, सूज आपोआपच उतरत होती, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून यायचो, शिवाय वहिनींचा चहा छान असतो. कृतघ्न माणूस. जन्मभर शिट्टी फुंकणाऱ्याकडून दुसरी काय अपेक्षा ठेवायची.

११ जून, सकाळ
डॉक्टरची अट धुडकावली. अपमान आहे हा.

दुपार
अट मान्य. एकदाच तोंडं बंद करून टाकू. तोवर हात बसायला हवा. दिवसभर ठोकण्याची प्रॅक्टिस.

१४ जून
डावं कोपर भरून आलंय. ऊर्जा साठतेय. बायको म्हणते, सुजलंय. तिला शास्त्रातलं ओ की ठो कळत नाही.

१६ जून
कोपर लिंबाएवढं. शर्टाची बाही चढेना. चिमटा ठोकून त्यावरच टेकवला. ब्रह्मांड आठवलं. म्हणजे लागू पडतोय.

१७ जून
बायकोने हॉस्पिटलात नेलं. समोर नेमका तोच बिनमिशीचा. कशाने झालं? म्हटलं, दारावर आपटलं. बायको खोकली. तो सुई भरता भरता थांबला. म्हणाला, काका, आधी तुमचा चिमटा लावून बघायचा का?

चिमटा माझ्या खिशातच होता. बायको खिशाकडेच बघत होती. मी म्हटलं, नको, त्याची अजून नीट चाचणी झालेली नाही.