कानातल्याची खूण

एडिसन, मे १९९६

ताई,

तुझ्या त्या येसेनियाचा मला राग येतो. दर शनिवारी तुझ्या बेसमेंटमध्ये भाषण शिकायला येणाऱ्या सगळ्याच मेक्सिकन, डॉमिनिकन पोरींचा येतो, पण तिचा जास्त. ती तुला 'ताई' म्हणते! अख्ख्या अमेरिकेत तुला ताई म्हणणारी मी एकटी होते.

नागपूरला भीमजयंतीच्या स्टेजवर मी घाईघाईत बोलायला लागले, की तू समोरून कानातलं चाचपायचीस. म्हणजे, सावकाश. ती आपल्या दोघींची खूण होती. तीही तिला देऊन टाकलीस, मला न विचारता.

काल तुझी मीटिंग लांबली, म्हणून तिला स्कूल बोर्डापुढे मी घेऊन गेले. शाळेत स्पॅनिश बोलणारी नर्स हवी, हे सांगता सांगता ती सुसाट सुटली. कुणाला काही कळेना. तुला शोधत तिची नजर माझ्यावर आली. मी हात मांडीवर दाबून धरला होता, ताई. शेवटी कानाशी गेलाच.

ती थांबली, मग नीट बोलली. बोर्डानं नर्स मान्य केली, ते ती सांगेलच. बाहेर आल्यावर ती मलाही 'ताई' म्हणाली. मला ते कसं वाटलं, ते मात्र मी तुला सांगणार नाही.

तुझी धाकटी,
उपासना