लाल अंगठा

नकुल,

नको असला तरी आईचा आशीर्वाद घे. तुझी पुतणी मायरा लिहितेय. चुका तिच्या, टोमणे माझे.

तुझं जपानी चित्र अजून भिंतीवर आहे. लाकडाचा ठसा कोरून असलं छापायला शिकतो म्हणालास, आणि मी म्हटलं, "लाकडं कोरून पोट भरतं का?" तू गेलास. आता रोज बघते. पुलावर एकटा माणूस, भोवती बर्फ. बर्फ रंगवलाच नाही म्हणे, कागद कोरा सोडलाय. मलाही तेव्हा गप्प राहता आलं असतं तर!

कोपऱ्यातला लाल ठसा मला चित्रकाराचा अंगठा वाटला. मायरा हसली, "आजी, तो थम्ब नाही, त्याचा नाव आहे!"

तुला धाडलेली तीन पत्रं परत आली. हे चित्रामागेच खोचते. बारा वर्षांत त्या माणसानं पूल ओलांडला नाही, तू कसला येतोस.

खाली कुंकवाचा अंगठा लावलाय. माझं नाव एवढंच.

तुझी आई